जुन्या फायबरच्या होडीची डागडुजी: कमी खर्चातल्या कामाच्या नोंदी

६ जानेवारी

होडी १६ फुटी, फायबरची, गळाने मासे धरायला बांधलेली, मागे इंजिन टांगायची सोय असलेली. बरीच वर्षं उघड्यावर पडून होती. आत पाचोळ्याचा कुजका थर, पाणी निघून जायची भोकं तुंबलेली, आणि डेकवर पाय टाकला की ती दबते. सांगाडा जवळजवळ फुकट मिळाला, त्यामुळे खर्च जो होईल तो दुरुस्तीवरच. इंजिन वेगळं आहे आणि चालू आहे, त्याबद्दल इथे फार लिहिणार नाही.

आज फक्त ठोकून पाहिलं. प्लास्टिकच्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर उलटा धरून बोटभर अंतराने ठोकत जायचं. चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो, आतून सुटलेल्या किंवा कुजलेल्या जागी बद्द येतो. बद्द जागा खडूने घेरून ठेवल्या. बाजू आणि तळ जवळपास सगळे चांगले निघाले. इंजिनाचे बोल्ट जिथे बसतात ती मागची उभी भिंत, म्हणजे ट्रान्सम, खालच्या अंगाला आणि प्रत्येक बोल्टभोवती बद्द. डेक तर निम्मी गेलेली आहे.

९ जानेवारी

बद्द आवाजाची खात्री करायला ट्रान्समला आतल्या बाजूने ५ मिमीची भोकं पाडली. आतूनच पाडायची आणि बाहेरचा पापुद्रा शाबूत ठेवायचा. ड्रिलला खूण म्हणून टेप गुंडाळला की ते जास्त खोल जात नाही. वरच्या भोकातून फिकट, कोरडा भुसा आला. मधल्यातून काळपट, ओला. सगळ्यांत खालच्या भोकातून तपकिरी पाण्याची धार लागली आणि ती लवकर थांबली नाही.

आता खर्चाचा क्रम ठरला. फायबर कुजत नाही. त्याच्या आत कोंडलेलं लाकूड कुजतं. ट्रान्सममधला प्लाय, तळाशी लांबीत जाणाऱ्या आधाराच्या तुळया म्हणजे स्ट्रिंगर, आणि डेक, या तिघांवर हात आखडायचा नाही. रंग, आसनं, चकचकीत कड्या हे सगळं शेवटी, पैसे उरले तर.

१६ जानेवारी

डेक कापायच्या आधी होडीला आधार देण्यात सगळा सकाळचा वेळ गेला, आणि तो द्यायलाच हवा. डेक आणि स्ट्रिंगर निघाले की तळ पत्र्यासारखा लवचिक होतो. त्या अवस्थेत वाकला आणि नवीन स्ट्रिंगर त्याच आकारात चिकटले, की बाक कायमचा. म्हणून तळाखाली पाच-सहा ठिकाणी लाकडी ठोकळे आणि वर गादीचे तुकडे, पाणसळीने दोन्ही बाजू सारख्या केल्या, आणि वरच्या काठांवर दोन आडव्या पट्ट्या ठोकून रुंदी बांधून टाकली. मधोमध दोरी ताणून तळापर्यंतची मापं जागोजागी घेतली आणि काठावर मार्करने लिहिली. कागद हरवतो, काठ हरवत नाही.

मग ग्राइंडरला कापायची चकती लावून कडेपासून ५ सेंमी पट्टी ठेवून डेक कापली. ही पट्टी नवीन डेक टेकवायला कामाला येते.

डेकखाली फोम भरलेला होता. वरून कोरडा, पिवळा. हाताने दाबला तर खालून पाणी. करवतीने चौकोनी तुकडे काढले तर एकेक उचलताना दोन्ही हात लागत होते. होडी जड का वाटत होती ते इथे कळलं. सबंध होडीत सगळ्यात मोठं वजन याच पाण्याचं होतं.

२२ जानेवारी

स्ट्रिंगर उघडले. वरून फायबरचं वेष्टण धडधाकट, आत लाकडाचा पत्ता नाही असे दोन-तीन हातांचे पट्टे. पण सगळीकडे नाही. जिथे कुजलं होतं तिथे वर बरोबर आसनाचे स्क्रू होते. डेकमधून आरपार थेट स्ट्रिंगरमध्ये मारलेले, फट बुजवणाऱ्या सीलंटचा थेंबही नाही. एका स्क्रूपासून दोन्हीकडे कुजत गेलेलं लाकूड आणि त्यापुढे अचानक चांगलं, सुकं, जुन्या वासाचं लाकूड. पाणी कुठून शिरलं याचा नकाशाच समोर होता. म्हणून आता होडीतलं प्रत्येक भोक मोजून, नंबर टाकून, फोटो काढून ठेवतो आहे. बंद करताना एकही सुटायला नको.

२९ जानेवारी

ट्रान्सम आतून उघडला. बाहेरची कातडी ठेवायची, कारण भिंतीचा कल आणि बाक तिच्यातच आहे. ती गेली तर सगळं नव्याने आखावं लागतं. आतली कातडी कडेपासून तीन बोटं सोडून कापली आणि पहारीने उचकटली. वरचा प्लाय थर थर सुटून आला. खालचा भाग खुरप्याने काढावा लागला: भिजलेल्या चहापत्तीसारखा, मुठीत धरला की पाणी गळणारा, आंबूस वासाचा. इंजिनाच्या चार बोल्टांपैकी खालच्या दोघांभोवती काळी वर्तुळं आणि त्यातून निघून सरळ खाली उतरलेले काळे पट्टे. पाणी बाहेर सोडायच्या बुचाच्या भोकाभोवतीही तेच. पितळी नळी बसवलेली, पण भोकाच्या आतल्या कडेचा प्लाय उघडाच.

मापं आधीच घेतलेली आहेत: ट्रान्समची उंची ५१ सेंमी, म्हणजे २० इंची लांब शाफ्टच्या इंजिनासाठी. जाडी ४५ मिमीच्या आसपास. हे दोन आकडे बदलले तर इंजिन नीट बसत नाही.

३ फेब्रुवारी

घासकाम. या कामाबद्दल लिहायला कमी आणि करायला सगळ्यात जास्त. ग्राइंडरला ४० नंबरची फ्लॅप डिस्क (घासायची चकती), जुनं फायबर चमक जाऊन मळकट पांढरं होईपर्यंत. गाळण्या असलेला मास्क, बंद चष्मा, पूर्ण बाह्या, मनगटाला टेप. काम संपल्यावर आधी गार पाण्याने अंग धुवायचं. नाहीतर काचेची कुसं रात्रभर टोचतात.

घासण्याच्या आधी ॲसिटोनने पुसून घ्यायचं, नंतर नव्हे. जुन्या पृष्ठभागावर मेण किंवा तेल असेल तर घासताना ते आत दाबलं जातं.

तळ सुकला की नाही हे पाहायला यंत्र घेतलं नाही. प्लास्टिकचा हातभर तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून उन्हात ठेवला. आत दव धरलं तर ओल आहे. पहिल्यांदा धरलं. आता होडीवर ताडपत्री, खालून हवा खेळती, आणि थांबायचं.

१० फेब्रुवारी

सामान आणलं. इथे बराच विचार केला, कारण सगळ्या खर्चाचा मोठा वाटा रेझिनचा, म्हणजे कापड भिजवून कडक करायच्या चिकट द्रवाचा, आहे. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त, इपॉक्सी त्याच्या कित्येक पट महाग. सगळीकडे इपॉक्सी परवडत नाही आणि लागतही नाही. पण लाकडाला धरून ठेवण्यात पॉलिएस्टर कमी पडतं. काही वर्षांनी लाकडापासून सुटतं आणि मग फटीतून पाणी. म्हणून जिथे लाकूड आहे तिथे इपॉक्सी: ट्रान्सम, स्ट्रिंगर, डेक, सगळी भोकं. जिथे फक्त फायबरवर फायबर आहे, म्हणजे तळाचे ओरखडे आणि नाळेची (होडीच्या पुढच्या टोकाची) झीज, तिथे पॉलिएस्टर.

क्रम मात्र पाळायचा. पॉलिएस्टरवर इपॉक्सी छान धरतं, इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही. एकदा इपॉक्सी लावलं की त्या जागी पुढचे सगळे थर इपॉक्सीचेच.

कापडाचंही तसंच. साधी चुरा मॅट (काचेच्या तुटक धाग्यांची चटई) ज्या चिकटद्रव्याने बांधलेली असते ते पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतं. इपॉक्सीत विरघळत नाही, मॅट ताठ राहते आणि कोपऱ्यात बसत नाही. इपॉक्सीसाठी शिवलेलं तिरप्या धाग्यांचं कापड घेतलं. प्लाय मरीन दर्जाचा, १८ मिमी. इथे स्वस्त प्लाय घेऊन सगळी मेहनत पाण्यात घालण्यात अर्थ नाही.

१७ फेब्रुवारी

ट्रान्समचं लाकूड बसवलं. पुठ्ठ्याचा साचा काढून दोन प्लाय कापले, कोरडे बसवून पाहिले, कडा रंध्याने उतरवल्या. मग दोन्ही प्लायना, विशेषतः कडांना, पातळ इपॉक्सी पाजलं. कडा कोऱ्या ठेवल्या तर त्या चिकटवण्यातलं रेझिन शोषून घेतात आणि सांधा कोरडा पडतो.

थर असा: बाहेरच्या कातडीला सिलिकाची बारीक पूड घालून घट्ट केलेलं इपॉक्सी, दातेरी पत्र्याने ओढलेलं, त्यावर पहिला प्लाय, मधे भिजवलेलं कापड, त्यावर दुसरा प्लाय. मग आडव्या पट्ट्या आणि क्लॅम्प. मधोमध क्लॅम्प पोचत नव्हते, तिथे इंजिनाच्या जुन्याच भोकांतून मेण चोळलेले बोल्ट घालून आवळले. कडेने सगळीकडून रेझिन बाहेर येईपर्यंतच आवळायचं. जास्त आवळलं तर सांध्यात रेझिनच उरत नाही.

रेझिन खोल मगात कालवलेलं होतं. निम्मं वापरून होईतो मग हातात धरवेना आणि धूर येऊ लागला. इपॉक्सी साठून राहिलं की स्वतःच्याच उष्णतेने तापत जातं. पुढची खेप रुंद, उथळ ताटात ओतली आणि दुप्पट वेळ मिळाला. आणखी एक: पॉलिएस्टरमध्ये हार्डनर (रेझिन गोठवणारा द्रव) थोडा कमी-जास्त करून वेळ सांभाळता येतो, इपॉक्सीत नाही. तिथे प्रमाण ठरलेलं, वजनकाट्यावर.

१८ फेब्रुवारी

सकाळी पृष्ठभागावर हात फिरवला तर तुपकट. दमट हवेत इपॉक्सीवर हा थर येतो. थेट घासला तर पॉलिश पेपर भरतो आणि तो थर सगळीकडे पसरतो. आधी साधं पाणी आणि भांडी घासायची घासणी, पुसून कोरडं, मग ८० नंबर पेपर. पाण्याने जातं, ॲसिटोनने फक्त फिरतं.

२४ फेब्रुवारी

ट्रान्समच्या आतल्या बाजूचे थर पूर्ण. कोपऱ्यांत आधी घट्ट इपॉक्सीची गोलाई भरली, साधारण अंगठ्याच्या जाडीची, कारण काटकोनात कापड बसत नाही, मागे हवा राहते. गोलाई अर्धवट ओली असतानाच त्यावर कापड. असं केलं की मधे घासावं लागत नाही.

एका कोपऱ्यात तरी हवेचा फुगा राहिला, पांढरा दिसतो. तो कापून काढला, उतरता घासला, ठिगळ लावलं. शेवटच्या थरावर पील प्लाय, म्हणजे नंतर सोलून काढायचं कापड, लावलं होतं. ते ओढून काढलं की खालचा पृष्ठभाग खरखरीत आणि स्वच्छ, तुपकटपणाचा प्रश्नच नाही. खर्चिक वाटतं, पण वाचलेल्या घासकामात वसूल.

५ मार्च

स्ट्रिंगर. नवीन तुळई तळावर थेट टेकवायची नाही. टेकली की लाटेचा मार त्या एका रेषेवर येतो आणि काही काळाने बाहेरून तडा उमटतो. खाली ५-६ मिमी फट ठेवून ती घट्ट इपॉक्सीने भरली. दोन्ही बाजूंनी गोलाई, त्यावर १० सेंमी आणि मग १५ सेंमी रुंदीच्या पट्ट्या, म्हणजे कडा एकाच जागी संपत नाहीत.

पाणी जायची भोकं इथे सगळ्यात महत्त्वाची. जुन्या बांधणीत स्ट्रिंगरला नुसती भोकं पाडलेली होती, आतलं लाकूड उघडं. आता प्रत्येक भोकात प्लास्टिकच्या नळीचा तुकडा, बाहेरून घासून, इपॉक्सीत बसवलेला. काठावरची जुनी मापं पुन्हा तपासली. बाक कुठेही सरकलेला नाही.

१५ मार्च

तरंगण्यासाठी फोम. हा भाग वाचवायचा मोह होतो, पण होडी पाण्याने भरली तर माणसाला धरायला हीच वस्तू उरते. हिशोब साधा केला. फायबर पाण्याच्या दीडपट जड, म्हणजे बुडाल्यावर त्याचं वजन साधारण एक तृतीयांश उरतं. सांगाड्यातलं फायबर १८० किलो धरलं तर ६० किलो. इंजिन आणि बॅटरीचे ९० किलो पूर्णच धरले. धरून राहणाऱ्या माणसांसाठी १०० किलो. एकूण २५०. एक लिटर फोम एक किलोला जरा कमी उचलतो, म्हणून ३०० लिटर जागा भरली.

ओतायचा फोम टाळला. जुन्याची अवस्था पाहिल्यावर तो पुन्हा तळाशी कोंडायची इच्छा नव्हती. बंद पेशींचे पॉलिथिनचे ठोकळे कापून बसवले, तळापासून दोन बोटं वर, म्हणजे खालून पाणी वाहतं. थर्माकोल स्वस्त पडला असता, पण पेट्रोल सांडलं की तो विरघळतो, आणि पॉलिएस्टर रेझिननेही विरघळतो. ठोकळे शक्य तितके बाजूंच्या वरच्या भागात आणि मागे इंजिनाजवळ ठेवले. सगळा फोम खाली मधोमध असला तर भरलेली होडी उलटी होऊन तशीच स्थिर राहते.

२४ मार्च

डेक बसली. १२ मिमी प्लाय, खालच्या बाजूला आणि कडांना तीन हात इपॉक्सी, वर एक थर कापड. बसवताना स्क्रू वापरले नाहीत. वाळूच्या पिशव्या ठेवून वजन दिलं.

२ एप्रिल

होडी उपडी केली, आता ती चौघांनी सहज उचलली. नाळेखाली, किनाऱ्यावर ओढून ओढून जेलकोट, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत थर, गेलेला आणि काचेचे धागे उघडे. इथली जाडी ६ मिमी. दुरुस्तीचा उतार जाडीच्या बारापट घ्यायचा, म्हणजे कडेपासून ७२ मिमीपर्यंत घासत न्यायचं. डोळ्यांना हे फार वाटतं, चांगलं फायबर उगाच उडवतोय असं. पण नवीन थराची पकड या उतारावरच असते.

चौरस मीटरला ४५० ग्रॅमची मॅट आणि पॉलिएस्टर. होडीबरोबर आलेल्या जुन्या बाटलीतला हार्डनर पहिल्या खेपेला वापरला. दोन दिवसांनी नख लावलं तर रुतत होतं. हार्डनर वर्षानुवर्षं पडून राहिला की त्याचा जोर जातो, बाटली कितीही स्वच्छ दिसली तरी. सगळा थर पटाशीने खरवडून, ॲसिटोनने पुसून, पुन्हा घासून पहिल्यापासून. वाया गेलेलं रेझिन नव्या हार्डनरच्या बाटलीपेक्षा कितीतरी महाग होतं. दुसरी खेप ताज्या हार्डनरने, दीड टक्का, वीस मिनिटांत गोठली. मॅटला वजनाच्या दुपटीहून जरा जास्त रेझिन लागतं. लोखंडी चकत्यांच्या रोलरने हवा काढली.

ज्यांना रेझिन, कोबाल्ट (गोठणं वेगात आणणारं द्रव्य) आणि हार्डनर वेगवेगळे मिळतात त्यांच्यासाठी: कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मगच हार्डनर. ते दोघं थेट एकमेकांत पडले तर स्फोट होऊ शकतो. दोन्ही बाटल्या एका ट्रेमध्येसुद्धा ठेवू नका. हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, त्यामुळे चष्मा ओतण्याच्या आधी.

११ एप्रिल

भोकांचा दिवस, माझ्या मते या सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा. यादीतलं प्रत्येक भोक घेतलं. नको असलेली कायमची बुजवली. हवी असलेली अशी: इंजिनाच्या बोल्टला १३ मिमी भोक लागतं, तिथे आधी २२ मिमीचं पाडलं. एका बाजूला टेप लावून घट्ट इपॉक्सीने पूर्ण भरलं. कडक झाल्यावर त्याच्या बरोबर मधोमध १३ मिमीचं. आता बोल्ट आणि लाकूड यांच्यात चहूबाजूंनी इपॉक्सीचं कडं आहे. सीलंट फाटलं तरी पाण्याला प्लाय भेटत नाही.

भरणं एका दमात केलं नाही. मोठ्या भोकात एकदम ओतलं तर तापून तडकतं. दोन टप्प्यांत भरलं. बुचाच्या भोकालाही हेच.

सीलंट पॉलियुरेथेनचं. सिलिकॉन होडीच्या आसपासही आणलं नाही. एकदा लागलं की त्या जागी पुढे ना रंग धरत ना रेझिन. बोल्ट सहसा न गंजणाऱ्या ३१६ स्टीलचे. वॉशर मोठे, आतून पट्टी.

२० एप्रिल

लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरून घासली आणि दोन घटकांचा रंग रोलरने लावला. स्प्रे केला नाही, त्या रंगाच्या तुषारातलं विषारी आयसोसायनेट साध्या मास्कने अडत नाही. डेकवर ओल्या रंगावर चाळलेली कोरडी वाळू भुरभुरली, वाळल्यावर सुटी झाडून वर दुसरा हात. पाय घसरत नाही. बाजूंना जवळून पाहिलं तर लाटा दिसतात, त्या राहू दिल्या.

२६ एप्रिल

वायरिंग थोडकं: दिवे आणि तळातलं पाणी उपसायचा पंप. कथिल चढवलेली तांब्याची वायर, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज. पंपाची वायर मुख्य स्विचच्या आधीपासून वेगळी आणि तिला तिचा फ्यूज, म्हणजे सगळं बंद करून होडी बांधून ठेवली तरी पंप आपोआप चालू होतो. सांधे तळापासून जितके वर नेता येतील तितके.

२ मे

पाण्यात नेण्याच्या आधी पाणी होडीत ओतलं. ट्रेलरवर, तळ झाकेल इतकंच. जास्त भरलं तर त्या वजनाने आधारांवर तळ दबतो. बाहेरून तळ कोरडा पुसून टाल्कम पावडर मारली. अर्ध्या तासात बुचाच्या नळीच्या खालच्या कडेला पावडरीवर ओली रेघ. नळी काढली तर खालच्या बाजूला सीलंट पोचलंच नव्हतं. बसवताना वरच ढकललं गेलं होतं. पुन्हा लावताना नळी फिरवत फिरवत आत नेली. आता कोरडं आहे. हीच गळती पाण्यात गेल्यावर शोधायला डेक उघडावी लागली असती.

५ मे

पाण्यात. आधी इंजिन बंद ठेवून किनाऱ्यालगत तासभर, तळ कोरडा. मग इंजिन. पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत होती आणि मागून पाण्याचा फवारा उडत होता. इंजिन एक भोक वर चढवलं, आता पट्टी तळापेक्षा जराशी वर आहे. फवारा कमी झाला, वळणावर पंखा हवा खात नाही. ट्रान्समवर हात ठेवून पूर्ण जोर दिला, भिंत हलत नाही.

३० मे

काही फेऱ्या झाल्यावर इंजिनाचा खालचा एक बोल्ट मुद्दाम काढला. भोकात कापूस फिरवला, कोरडा. नवं सीलंट लावून परत बसवला. डेकखालच्या फोमची तपासणीची खिडकी उघडून खालच्या कडेला हात लावला, तिथेही ओल नाही.

राहिलेली कामं: आसनांची उशी, नाळेखाली घासपट्टी, आणि गळाच्या काठ्यांचे धारक. धारक काठाला शिकंज्याने आवळायचे घेणार आहे, भोकं पाडून बसवायचे नाहीत. जिवंत आमिषाच्या टाकीसाठी तळात नवीन भोक पाडायला एकाने सुचवलं. ते करणार नाही. बादली आणि बॅटरीवरचा छोटा हवेचा पंप पुरतो.